तिसरा पापुद्रा

"किती सोललेस?"

मी अजून गाडीवरून धड उतरलोही नव्हतो. इंजिन नुकतंच बंद केलं होतं, कानांत त्याची घरघर शिल्लक होती, आणि तेवढ्यात दस्तगीरचाचांनी माझं हेल्मेट काढून आपल्या मांडीवर घेतलंसुद्धा.

"एकही नाही, चाचा."

"बरं."

तरी त्यांनी अंगठ्याच्या नखानं काचेची कड चाचपून मोजलंच. एक, दोन, तीन. मग खिशातलं पिवळं फडकं काढून ते काच पुसायला लागले. काच लख्ख दिसत होती, पण ते मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"डावीकडं वर काही डाग आहे का हो?"

त्यांनी हेल्मेट उजेडात धरलं. "न्हाई की. का रं?"

"काही नाही. असंच."

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, कोल्हापूरचा धैर्यशील घोरपडे, मोटारसायकलींच्या राष्ट्रीय शर्यतीत मागच्या वर्षीचा दुसरा. मोसमाची पहिली फेरी चेन्नईजवळच्या ट्रॅकवर होती. बुधवार ते शुक्रवार सराव, शनिवारी पात्रता, रविवारी शर्यत.

पापुद्रे म्हणजे काय ते सांगायला हवं. रेसरच्या हेल्मेटच्या काचेवर पातळ, पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या एकावर एक लावलेल्या असतात. ताशी दीडशेच्या वेगात समोर किडा आपटला, घाण उडाली, तर काच पुसायला सवड कुणाला? डाव्या हातानं वरची पट्टी ओढायची आणि वाऱ्यावर सोडून द्यायची. त्या पट्ट्यांना इंग्रजी नाव आहे, पण चाचा त्यांना पापुद्रेच म्हणत. दर वेळी तीन. लावणार ते, उतरल्यावर मोजणार ते आणि पुसणारही तेच. दुसऱ्या कुणी हेल्मेटला बोट लावलं की त्यांचं डोकं फिरायचं.

चाचा आमचे मिस्त्री. कोल्हापुरात त्यांचं गॅरेज होतं आणि गाडीचा नुसता आवाज ऐकून ते आजार सांगत. मागच्या वर्षापर्यंत आमच्या टेम्पोत दोन रेसगाड्या असायच्या. एक माझी आणि एक तौसिफची. तौसिफ चाचांचा एकुलता एक मुलगा. या खेपेला टेम्पोत एकच गाडी होती.

मागच्या मोसमाची शेवटची शर्यत याच ट्रॅकवर झाली. पाचव्या वळणावर तौसिफ पडला, आणि संध्याकाळी दवाखान्यात त्याचा जीव गेला. त्या वळणाला आम्ही कोल्हापूरची पोरं बावडा म्हणायचो. गगनबावड्याच्या घाटात एक वळण आहे, संपलं म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि ते आणखी आत वळतं. हे तसंच होतं.

तो का पडला, हे चाचांनी कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं. त्या दिवशी सकाळी त्यांनी तौसिफच्या गाडीचं ऑइल बदललं. फिल्टरच्या झाकणात एक रबरी रिंग असते, ऑइल बदललं की ती नवी घालायची. नव्या रिंगांची डबी कोल्हापुरातच राहिली होती. जुनी चांगली दिसत होती, म्हणून त्यांनी तीच परत बसवली. तीन-चार फेऱ्यांनंतर ती फाटली, ऑइल झिरपलं आणि मागच्या टायरवर आलं. चौकशीच्या अधिकाऱ्यांना त्यांनी हे सांगितलंच, पण गावात आल्यावर मशिदीत सांगितलं, चहाच्या गाड्यावर सांगितलं, पंक्चर काढायला आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. "माझ्या हातानं गेलं पोरगं," म्हणायचे, आणि समोरचा माणूस चहाचा कप हातात धरून अवघडून उभा राहायचा.

या खेपेला आम्ही चेन्नईला निघालो तेव्हा जैनबचाची टेम्पोपाशी आल्या. भडंगाचा डबा माझ्या हातात देत त्यांनी आवाज खाली आणला.

"ताटावर बसतात आणि घास हातात धरून थांबतात. रिंग, रिंग करत बसतात. मी सांगून थकले. धैर्या, तुझं ऐकतील ते. सांग त्यांना कायतरी. तू मागंच हुतास की."

मी मागंच होतो. तेवढंच तर मला सांगायचं होतं, आणि आठ महिने ते माझ्या तोंडातून बाहेर पडत नव्हतं. टेम्पो कागलच्या पुढं गेल्यावर चाचांनी खिडकीतून बाहेर बघत सांगितलं, "हा एकच आठवडा, धैर्या. रविवारी हत्यारांची पेटी बंद केली की परत उघडायची न्हाई." म्हणजे माझ्याकडे रविवारपर्यंतचा वेळ होता. त्यानंतर चाचा घरी बसणार आणि सगळं स्वतःच्या एकट्याच्या माथी घेऊन मरणार, हे मला दिसत होतं.

त्यात माझ्या गाडीत त्या वर्षी इंजिन होतं तौसिफचं. आमच्या दोन इंजिनांतलं जास्त पळणारं तेच. चाचांनी ते सुटं करून, एकेक तुकडा रॉकेलनं धुऊन पुन्हा जुळवलं होतं. मी नको म्हणालो तर म्हणाले, "चांगलं इंजिन घरी ठेवून काय पुजायचं हाय?"

बुधवारच्या पहिल्या सरावात काही झालं नाही असं मी चाचांना म्हणालो, पण झालं होतं. सरळ पट्टा संपवून बावड्याकडे वळलो, तर इंजिनाचा आवाज पायाखालून यायच्याऐवजी पुढून यायला लागला. पुढं रस्ता रिकामा. मी गॅस कमी केला तर तो आवाजही कमी झाला. मी वळणात आत शिरलो, आणि काचेच्या डाव्या कोपऱ्यात वर एक तपकिरी ठिपका दिसला. वळण संपलं तेव्हा तो नव्हता.

तौसिफला एक खोड होती. ट्रॅकवर निघताना तो गॅस दोनदा फुरफुरवायचा, माझ्याकडे मान वळवायचा आणि ओरडायचा, "ये मागनं!" शाळेपासूनचा माझा दोस्त, पण हे ऐकलं की माझं टाळकं सटकायचं. त्याच्यावर माझा जीव होता आणि तो माझ्या पुढं असलेला मला सोसत नव्हता. दोन्ही खरं होतं.

गुरुवारी चहा पिताना मी ठरवून बसलो होतो, आज सांगायचं. चाचा माझ्या गाडीखाली आडवे झाले होते. त्या आठवड्यात ते प्रत्येक सरावानंतर ऑइल बदलत होते. काही गरज नव्हती, तेच ऑइल चार दिवस चाललं असतं. पण ते फिल्टर उघडत, जुनी रिंग कापून टाकत, नवी पाकिटातून काढत आणि दोन बोटांत धरून माझ्यापुढे करत.

"बघ. नवी हाय. बघितलीस?"

"बघितली."

"नीट बघ."

"बघितली, चाचा."

मगच ती झाकणात जायची. दिवसातून तीनदा हे चालायचं, आणि दर वेळी मी बघितली म्हणायचो. त्या दिवशी रिंग बघून झाल्यावर मी म्हणालो, "चाचा, एक बोलायचं होतं."

गाडीखालून त्यांचे पाय हलायचे थांबले. "बोल की."

"मागचा ब्रेक जरा हलका वाटतोय."

मग पान्हा फिरल्याचा आवाज आला. "बघतो," ते म्हणाले. ब्रेकला काही झालेलं नव्हतं हे त्यांनाही कळलं असणार. चहा गार झाला होता, तो मी ओतून दिला.

शुक्रवारी बावड्यापाशी मी पडता पडता वाचलो. ठिपका दिसला आणि डावा हात आपोआप हँडलवरून निघाला, काचेकडे गेला. एका हातावर वळणात शिरलेली गाडी रुंद गेली, थेट गवताच्या कडेपर्यंत. मागून येणारा सेल्वम मला चुकवून कसाबसा निघाला. सेल्वम चेन्नईचा, त्या वर्षी सगळ्यांत जोरात होता, आणि मनानं चांगला. नंतर आमच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाडी दुरुस्तीच्या जागेत, आला आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाई, उस कॉर्नर में तुम डरता है. एक सेकंड छोड़ता है. मत डरो." चाचा तिथंच हेल्मेट पुसत बसले होते.

तो गेल्यावर त्यांनी विचारलं, "किती सोललेस?"

"एकही नाही."

"बरं."

शनिवारी मी पात्रतेत दुसरा आलो. कसा आलो ते सांगतो. बावडा आला की मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्यानं तौसिफला शिव्या द्यायला लागलो, तो जिवंत असताना देत होतो त्याच. शिव्या देताना मला वर-डावीकडं बघायची आठवण राहिली नाही. पण उतरल्यावर घामानं चिकटलेले हातमोजे काही केल्या निघेनात. चाचांनी एकेक बोट ओढून ते काढले. डावा हातमोजा काढल्यावर त्यांनी तो थोडा वेळ हातात धरला, अंगठा उलटा करून बघितला आणि मग गाडीच्या सीटवर ठेवला. मला वाटलं, फाटलाय का ते बघत असतील.

रविवारी शर्यत अकराला होती. दहा वाजता पिटमध्ये आम्ही दोघंच होतो. बाहेर ऊन तापायला लागलं होतं. चाचांनी सतरंजीवर बैठक मारली, हेल्मेट मांडीवर घेतलं, काच पुसली आणि पापुद्र्यांचं नवं पाकीट फोडलं. पहिला पापुद्रा दोन्ही हातांत ताणून ते काचेवर धरणार, तेवढ्यात मी म्हणालो,

"चाचा, थांबा. गेल्या वेळी मी एक सोलला होता."

त्यांचे हात तसेच राहिले. त्यांनी वर बघितलं नाही.

"चौथ्या फेरीत," मी म्हणालो. आता थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून बोलत सुटलो. "तौसिफ पुढं, मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून. सरळ पट्ट्यावर काचेवर दोन थेंब आले. डावीकडं वर. पाण्याचे असते तर वाऱ्यानं पळाले असते, हे पसरले. मला कळलं ऑइल आहे म्हणून. त्याच्या गाडीतूनच येतंय हेही कळलं. पुढं दुसरं कुणी नव्हतंच."

"मग?"

"शेजारी जाऊन बोट दाखवायचं असतं. नाहीतर हात तरी वर करायचा, ट्रॅकच्या कडेचे झेंडेवाले बघतात. मी काही केलं नाही. मला वाटलं, इंजिन बसेल त्याचं. तो बाजूला होईल. तीन गुणांनी पुढं होता तो माझ्या, चाचा. मला वाटलं, बसू दे इंजिन, आज मी जिंकतो. टायरचं माझ्या डोक्यात आलं नाही." मी त्यांच्या हातातल्या पापुद्र्याकडं बघितलं. "आलं होतं. थोडं आलं होतं. मी पापुद्रा सोलला, टाकून दिला, आणि समोर सगळं स्वच्छ दिसायला लागलं. पुढच्या फेरीत तो बावड्याला पडला."

ती शर्यत रद्द झाली. त्या वर्षीचा चॅम्पियन तौसिफच ठरला, गुण त्याचेच जास्त होते. मला त्या पापुद्र्यातून काहीसुद्धा मिळालं नाही, हे मी चाचांना सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

चाचांनी हातातला पापुद्रा हळूच पाकिटात परत सरकवला.

"त्या दिवशी मी किती लावल्ते?"

"तीन."

"तू आत आलास तवा मी काय इचारलं?"

"किती सोललेस म्हणून."

"आणि तू?"

"एकही नाही म्हणालो."

"काचेवर दोन हुते," चाचा म्हणाले. "मला मोजता येत न्हाई व्हय रं? तौसिफ पडलाय एवढंच मला ठावं हुतं. किती लागलंय ते कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं तुझं हेल्मेट घेतलं आणि मोजलं. दोन. ऊन पडल्यालं लख्ख, पाऊस न्हाई, धूळ न्हाई. मग तुझा हातमोजा बघितला. डाव्या अंगठ्याला ऑइल. चाळीस वर्सं ह्याच वासात काढली मी, धैर्या."

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून..."

"तवापासनं."

"मग बोलला का नाही? माझ्या कानाखाली का नाही मारलीत? सगळ्या गावाला रिंग रिंग सांगत फिरलात!"

"रिंग मीच घातल्याली की. खोटं सांगितलं व्हय?"

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. मला त्यांच्याकडून काय ऐकायचं होतं कुणास ठाऊक. "मी हात वर केला असता तर..."

"तर वाचला असता," चाचा म्हणाले. आवाज चढवला नाही, पाडला नाही. "व्हय. वाचला असता. मी नवी रिंग घातली असती तरीबी वाचला असता. रिंग माझी. बघितल्यालं तुझं. ज्याचं त्यानं उचलायचं. मी माझं उचलून गावभर फिरलो. तुझं तू कवा उचलतोस ते बघत हुतो. म्हणून तर आलो हितवर. न्हाईतर मला काय पडलंय ह्या ट्रॅकचं तोंड बघायची?"

त्यांनी पापुद्र्यांचं पाकीट पेटीत टाकलं. हेल्मेट माझ्यापुढे धरलं. उघडी काच होती, तिच्यावर एकही पापुद्रा नव्हता.

"आज एकबी लावत न्हाई. जे बसंल ते बसू दे तिथंच."

शर्यत दहा फेऱ्यांची होती. सुरुवातीलाच सेल्वम पुढं निघाला आणि मी त्याच्या मागं लागलो. बाकीचे मागं पडले. इंजिनाचा आवाज माझ्या पायाखालूनच येत होता, पुढून येत होता तो सेल्वमच्या गाडीचा. सहाव्या फेरीपर्यंत मला कळून चुकलं की मी त्याच्यापेक्षा बावड्यातून वेगानं निघतोय आणि शेवटच्या फेरीत त्याला तिथंच गाठायचं. जिंकलो असतो. आजही मला तसं वाटतं.

आठव्या फेरीत, सरळ पट्ट्यावर, काचेवर टिप्प झालं. डावीकडं, वर.

या वेळी तो डाग गेला नाही. डावा हात वर गेला, काचेवर फिरला आणि त्याला ओढायला काही सापडलं नाही. बावडा समोरून येत होता. मी सगळा गॅस दिला, सेल्वमच्या शेजारी आलो आणि हात सोडून त्याच्या इंजिनाकडं बोट दाखवलं. एकदा, दोनदा. त्यानं माझ्याकडं बघितलं, दचकला, गाडी सरळ केली आणि हात वर करून कडेला घेतली. मी त्याच्याबरोबरच हळू झालो. मला त्याला त्या वळणात शिरू द्यायचं नव्हतं. मागचे तिघं आमच्या शेजारून सुसाट निघून गेले.

सेल्वमच्या गाडीला काहीही झालं नव्हतं. खाली वाकून बघितल्यावर त्यानं मला तमिळमध्ये जे काही सुनावलं ते समजायला भाषा यायची गरज नव्हती. आम्ही पुन्हा निघालो. मी चौथा आलो, तो पाचवा.

पिटमध्ये आलो तर सेल्वम माझ्या मागोमाग हजर. "क्या था? बोलो! क्या दिखा तुमको?" मी त्याची माफी मागितली. दुसरं काय सांगणार? तो हात झटकत निघून गेला. पुढची दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही.

चाचांनी माझं हेल्मेट काढून घेतलं. किती सोललेस, हे त्यांनी विचारलं नाही.

"हात कशाला सोडलास?"

"त्याच्या गाडीतून काहीतरी उडालं."

त्यांनी हेल्मेट उजेडात धरलं. बराच वेळ बघितलं. मग जवळ आणून माझ्या डोळ्यांपुढं केलं. काचेवर डावीकडं वर एक बारीकसा काळपट डाग होता, आणि त्यात चिमुकला पंख चिकटलेला.

"चिलट हाय," चाचा म्हणाले.

मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. आठ महिने जे आलं नव्हतं ते सगळं आलं. एका चिलटासाठी मी हात वर केला होता. चाचा उभे होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, आणि ठेवला असता तर मला तो सोसला नसता. थोड्या वेळानं त्यांनी खिशातलं पिवळं फडकं काढलं, हेल्मेटवर ठेवलं आणि दोन्ही माझ्या मांडीवर दिलं.

"पूस."

ते खाली बसून पेटी भरायला लागले. एकेक पान्हा ऑइलच्या फडक्यात गुंडाळून, मोठ्याच्या पोटात छोटा, तौसिफला त्यांनी शिकवलं होतं तसं. मी पुसत होतो. चिलट पहिल्याच हाताला निघून गेलं होतं, काच आरशासारखी झाली होती, तरी मी पुसतच होतो.

सगळं भरून झाल्यावर चाचांनी झाकणावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"गेला का डाग?"

मी काचेकडं बघितलं. डावीकडं, वर.

"नाही, चाचा."

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी पेटी बंद केली.